पानांचं पाणी पिकाला चालतं का?

तुमच्या घरी वावर असेल, तर ही बाटली तुम्ही पाहिलेली असणार. हिरवं झाकण, वर टवटवीत पऱ्हाटीचा फोटो आणि मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक वनस्पती अर्क'. फुलं जास्त, बोंडं जास्त, पाऊस लांबला तरी पीक हिरवंगार. युरियाच्या पिशवीसोबत ती घरी येते. कधी बाबांनी मागून आणलेली असते, तर कधी दुकानदाराने 'हे घेतलं तरच ते मिळेल' म्हणून गळ्यात मारलेली. या दुसऱ्या प्रकाराला सगळा महाराष्ट्र 'लिंकिंग' म्हणतो.

तुम्ही बीएस्सीला असा, बीएला असा, नाहीतर पॉलिटेक्निकला. घरात शिकलेले तुम्हीच. त्यामुळे प्रश्न तुमच्याकडेच येतो, "वाच रे जरा, यात काय आहे?" आणि आपण बाटली फिरवून बघतो, बारीक अक्षरं वाचतो आणि खांदे उडवतो.

राजुऱ्यात एका बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे कारखाने आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. पंधरा दिवस पाऊस दडला की माणसं आधी आभाळाकडे बघतात आणि मग कृषी केंद्राकडे. नेमकी तेव्हाच ही बाटली विकली जाते. म्हणून आज आपण ती उघडू. वनस्पतींच्या अर्काने पीक खरंच वाढतं का? ताण सोसतं का? आणि आपल्या धुऱ्यावरच्या झाडांनी ते काम होतं का?

आधी तीन डबे वेगळे करा

गोंधळ इथूनच सुरू होतो. पिकाला देतो ते सगळंच आपण 'औषध' म्हणतो. कायद्याने मात्र त्याचे वेगवेगळे डबे केले आहेत.

पहिला डबा खताचा. नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे पिकाचं जेवण. दुसरा डबा कीडनाशकांचा. त्याला कीटकनाशक कायदा १९६८ लागू होतो. पिकाची वाढ थेट नियंत्रित करणारी संप्रेरकंही याच कायद्यात बसतात. तिसरा डबा नवा आहे, जैव उत्तेजक म्हणजे बायोस्टिम्युलंट. हे जेवणही नाही आणि विषही नाही. पिकाच्या आतल्या क्रियांना चालना द्यायची, म्हणजे ते अन्न नीट उचलेल, वाढेल आणि ऊन-दुष्काळाचा ताण सोसेल, एवढंच त्याचं काम. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात बदल करून हा तिसरा डबा अधिकृत केला. त्यातला पहिलाच प्रकार आहे वनस्पतींचे अर्क, समुद्री शेवाळासकट.

आता गंमत बघा. कडुनिंबाचा अर्क झाडापासूनच येतो, पण त्याचं काम कीड रोखायचं, म्हणून तो दुसऱ्या डब्यात. मुनग्याच्या पानांचा रस वाढीसाठी, तो तिसऱ्या डब्यात. दोन्ही 'नैसर्गिक', पण कामं वेगळी. जी बाटली म्हणते की मी वाढही करते, अळीही मारते आणि बुरशीही घालवते, तिच्यावर पहिला संशय घ्यायचा.

निंबोळी : अळीची भूक मारणारी

आपल्या भागात सगळ्यांना माहीत असलेला अर्क म्हणजे निंबोळीचा. आजोबांना त्यामागचं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा हे माहीत होतं. विज्ञान नंतर आलं. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली आणि जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिलं की टोळांनी सगळी झाडं फस्त केली, पण कडुनिंब तसाच उभा होता. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी निंबोळीतून 'अझाडिरॅक्टिन' वेगळं केलं. हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की तो प्रयोगशाळेत पूर्णपणे तयार करायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली. २००७ साली ते जमलं. आपल्या अंगणातलं झाड हे काम दर उन्हाळ्यात फुकटात करतं.

अझाडिरॅक्टिन अळीला लगेच मारत नाही. ते तिची भूक मारतं आणि कात टाकायची प्रक्रिया बिघडवतं. म्हणून फवारल्यावर संध्याकाळी अळ्या पडलेल्या दिसल्या नाहीत की माणूस म्हणतो, "काही फरक नाही." फरक पडतो, पण तो काही दिवसांनी आणि लहान अळ्यांवर. मोठ्या झालेल्या अळीला किंवा बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीला निंबोळी काही करू शकत नाही.

पाच टक्के अर्काची पद्धत सोपी आहे. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. वेगळ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा. सकाळी भरडा फडक्यातून पिळून गाळायचा, साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण द्रावण १०० लिटर करायचं. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हाने अझाडिरॅक्टिन लवकर मोडतं. आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा.

मुनग्याची पानं : इथे खरी वाढीची गोष्ट

पुण्या-मुंबईकडे शेवगा, आपल्याकडे मुनगा. शेंगा आपण खातो आणि पानांची भाजी करतो. हीच पानं पिकालाही चालतात.

झाडाच्या मुळांत 'सायटोकायनिन' नावाची संप्रेरकं तयार होतात. पेशींचं विभाजन करायचं आणि पान हिरवं ठेवायचं हे त्यांचं काम. पाऊस दडला, मुळं कोरडी पडली की हा पुरवठा घटतो. दुसरं संप्रेरक, ॲब्सिसिक आम्ल, वाढतं. ते पानांची छिद्रं बंद करायला लावतं म्हणजे पाणी वाचतं, पण वाढही थांबते. खालची पानं पिवळी पडून गळतात, पात्या गळतात. पऱ्हाटी असं 'अंग टाकते' तेव्हा आतमध्ये हे चाललेलं असतं.

मुनग्याच्या कोवळ्या पानांत 'झिॲटिन' हे सायटोकायनिन भरपूर असतं. सोबत क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि ताणात पेशींची झीज रोखणारी अँटिऑक्सिडंट्स. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात निकोलाउस फॉइडल आणि सहकाऱ्यांनी हा रस वेगवेगळ्या पिकांवर फवारला आणि उत्पादनात २० ते ३५ टक्के वाढ नोंदवली. त्यानंतर भारत, पाकिस्तान, आफ्रिका अशा ठिकाणी बरेच प्रयोग झाले. कल्पना सरळ आहे, मुळांकडून जे कमी पडलं त्याचा थोडा भाग पानांवरून द्यायचा.

कृती घरची आहे. कोवळे शेंडे आणि पानं थोड्या पाण्यासोबत वाटायची. खलबत्ता, पाटा किंवा आईने परवानगी दिली तर मिक्सर. फडक्यातून रस पिळायचा. एक भाग रसात साधारण ३० भाग पाणी. गाळणी बारीक हवी, नाहीतर पंपाचं नोझल चोंदतं. हाही रस ठेवायचा नाही, आंबतो. त्याच दिवशी फवारायचा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

मात्र २० ते ३५ टक्क्यांचा आकडा ऐकून लगेच गुणाकार करू नका. कुंडीतला निकाल आणि वावरातला निकाल यात फरक असतो. जमीन, वाण, फवारणीची वेळ, पानांचं वय, सगळ्याने तो बदलतो. आणि जमिनीत अन्नच नसेल, तर कोणतंही उत्तेजक पोटभर जेवण देऊ शकत नाही.

ज्वारीचा धडा : थोडं म्हणजे टॉनिक, जास्त म्हणजे विष

ज्वारीच्या मुळांतून आणि ताटातून अशी द्रव्यं निघतात जी शेजारच्या झाडांची वाढ रोखतात. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात ज्वारीची ताटं भिजवून केलेल्या पाण्याचा तणांवर बराच अभ्यास झाला. घट्ट पाणी तणांना दाबतं. तेच पाणी खूप पातळ केलं, की उलट वाढीला चालना देतं. एकच द्रव्य, पण मात्रेने स्वभाव बदलतो.

असाच एक किस्सा अमेरिकेतल्या मिशिगनचा. तिथे स्टॅनली रीस या संशोधकाच्या लक्षात आलं की चिरलेलं लसूणघास घातलेल्या शेतात टोमॅटो जोमात येतात. शोधता शोधता त्यांना लसूणघासात 'ट्रायकॉन्टॅनॉल' हे द्रव्य सापडलं आणि १९७७ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. हेक्टरी काही मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही त्याचा परिणाम दिसतो. पुढे मात्र सगळ्यांना सगळीकडे तोच निकाल मिळाला नाही. आज हे द्रव्य आपल्या कृषी केंद्रांतही विकलं जातं, पण ते संप्रेरक म्हणून दुसऱ्या डब्यात मोडतं.

म्हणून 'घरचंच आहे, टाका दोन मग जास्त' हे इथे चालत नाही. मोजमाप हवंच.

समुद्र आला राजुऱ्यात

आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण समुद्री शेवाळाचा अर्क तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचला आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने 'कॅपाफायकस' या लाल शेवाळाचा ताजा रस काढण्याचं तंत्र विकसित केलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामेश्वरमच्या भागात, महिला बचत गट हे शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. म्हणजे तिथल्या एका बाईचं पोट आणि इथल्या एका पऱ्हाटीचं पान एकाच बाटलीने जोडलं गेलंय. शेवाळाच्या अर्कातही वाढीची संप्रेरकं आणि ताण सोसायला मदत करणारी द्रव्यं असतात. अर्क चांगला आणि खरा असेल तर उपयोग होतो. अडचण तो 'खरा असेल तर' याचीच आहे.

बाटली हातात घेतली की काय वाचायचं?

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलेले आकडे लक्षात ठेवा. देशात एकेकाळी सुमारे ३० हजार जैव उत्तेजकं कोणत्याही तपासणीविना विकली जात होती. मधल्या काळात तात्पुरत्या परवानगीवर सुमारे ८ हजार चालत होती. कडक तपासणीनंतर उरली सुमारे ६५०. ही तात्पुरती परवानगी जून २०२५ मध्ये संपली. आता विचार करा, ३० हजारांपैकी किती बाटल्या आपल्या तालुक्यात आल्या असतील आणि किती जणांनी उधारीवर नेल्या असतील.

म्हणून पुढच्या वेळी घरात बाटली आली की एवढं बघा. खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख आहे का? आत नेमका कोणता अर्क आणि किती टक्के, हे लिहिलं आहे का? कोणत्या पिकासाठी आणि किती मात्रेत, हे आहे का? बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्कं बिल मिळालं का? बिल नसेल, तर उद्या तक्रार कोणत्या तोंडाने करणार? लिंकिंग होत असेल, तर त्याची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करता येते.

आणखी एक. जैव उत्तेजकात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. 'सेंद्रिय' बाटलीने अळ्या पटापट मरत असतील, तर आनंदाआधी शंका आली पाहिजे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यानंतर अनेक घरांत 'आता घरचाच अर्क' असं ठरलं. विचार चांगला आहे, पण अर्धवट माहितीवर नको.

दशपर्णी अर्क घ्या. कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी, घाणेरी, पपई, एरंड, गुळवेल, रुई, कण्हेर असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रासह २०० लिटरच्या ड्रममध्ये महिनाभर कुजवतात. यातला कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तंबाखूतलं निकोटिनही नैसर्गिकच आहे, हे विसरू नका. त्यामुळे हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, हे नियम इथेही लागू. ड्रमवर नाव लिहा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. पंप धुऊन घ्या. त्यात आधी २,४-डी तणनाशक असेल, तर उरलेले थोडे थेंबही पऱ्हाटीची पानं वाकडी करतात आणि मग बदनाम होतो बिचारा मुनगा.

वहीची ताकद

आता दोन गोष्टी ऐका, मग तुमचं काम सांगते.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन दीड एकर, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्यातून 'एचएमटी' हा तांदूळ आला, जो आज देशभर खातात. दादाजी २०१८ मध्ये गेले. वाण सगळीकडे पोचला, पैसा मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांनी केलं ते खरं विज्ञान होतं, वेगळं दिसलं ते वेगळं लावलं आणि जुन्याशी ताडून पाहिलं.

दुसरी गोष्ट कडुनिंबाची. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना दिलं. भारतातून विरोध झाला, लढा चालला. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. या लढ्यात मोलाची ठरली ती महाराष्ट्रातली साक्ष. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात एका भारतीय कंपनीने अशा अर्काच्या शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. 'आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय' याला किंमत आहेच, पण कुठे, कधी, कशावर आणि काय झालं, हे सांगता आलं की बोलण्याला वजन येतं.

तुमची चाचणी, तुमचं वावर

कॉलेजच्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलाय. नेटवरून कॉपी करण्यापेक्षा हा करा.

वावराच्या एका सारख्या तुकड्यात, जिथे माती आणि उतार एकच आहे, आठ पट्टे आखा. प्रत्येक पट्टा चार ओळींचा. चार पट्ट्यांना मुनग्याचा रस, चार पट्ट्यांना तेवढंच साधं पाणी. कोणत्या पट्ट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर नकळत चांगल्या ओळींना रस मिळतो. साधं पाणी फवारायचंच, कारण पाण्यानेही पान तरतरीत होतं आणि श्रेय रसाला जातं. मोजणी फक्त मधल्या दोन ओळींची करा, कडेच्या ओळींवर शेजारचा फवारा उडतो.

प्रत्येक पट्ट्यातली पाच झाडं रंगीत चिंधी बांधून ठेवा. दर पंधरा दिवसांनी उंची, पात्या, बोंडं मोजा. पाऊस कधी पडला, किती दिवस दडला, ते लिहा. वेचणीच्या वेळी पट्ट्यांना फक्त आकडे द्या. कोणता रसाचा हे वेचणाऱ्याला आणि तोलणाऱ्याला सांगू नका. मग सरासरी काढा आणि चार पट्ट्यांत आपसात किती फरक आहे तेही बघा. चारही रसाचे पट्टे पुढे असतील तर गोष्ट वेगळी. एकच पुढे आणि तीन मागे असतील, तर तो योगायोग असू शकतो.

शेवटी पैशाचा हिशेब. जास्तीच्या कापसाची किंमत वजा पानं तोडण्याची, वाटण्याची, फवारण्याची मजुरी. आईची मजुरीही धरा, ती फुकट नसते. हातात काही उरलं, तरच पुढच्या वर्षी एकरभर करा. उरलं नाही, तर तेही लिहून ठेवा. 'चाललं नाही' हाही निकालच आहे आणि तो शेजाऱ्याचे पैसे वाचवतो.

अडलात तर विचारायला जागा आहेत. सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र, वरोऱ्याचं आनंद निकेतन कृषी महाविद्यालय, गडचिरोलीत सोनापूरचं कृषी विज्ञान केंद्र. तुमच्या बॉटनीच्या सरांना-मॅडमना प्लॉट बघायला बोलवा आणि संख्याशास्त्रवाल्या मित्राला आकडे तपासायला लावा.

मुनग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली की रुजते. निंबोळ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली पडतात, त्या चिखलात जायच्या आधी वेचून सावलीत वाळवाव्या लागतात. यासाठी दुकानात जायची गरज नाही. लागेल ती एक वही, एक वजनकाटा आणि दर पंधरवड्याला वावरात घालवलेला एक रविवार. पहिल्या पानावर तारीख टाका आणि पट्ट्यांचा नकाशा काढा. तुमच्या गावच्या जमिनीसाठी असा कागद कदाचित अजून कोणीच लिहिलेला नसेल.